रबराला माणसात आणणारा चार्ल्स गुडइयर



एखादी जुनी महागडी गाडी, समजा तीस वर्षांपूर्वीची मर्सिडीज, नीट सांभाळली असेल तर अजूनही दिमाखात चालते. पत्रा शाबूत, इंजिन शांत, सीटांचं लेदरही बरं असतं. पण हेडलाइटच्या कडेनं जरा बोट फिरवून बघा. काच आणि तिच्यामागचा दिव्याचा डबा यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी बसवलेली असते. मेकॅनिक तिला सील म्हणतात, कुणी गॅस्केट म्हणतं, कुणी नुसतंच रबर. गाडीच्या आधी ही पट्टी म्हातारी होते. कडक पडते, कोपऱ्यावर बारीक बारीक चिरा जातात, कधी उलट चिकट होऊन बोटाला काळं लागतं. मग पावसाचं पाणी आत झिरपतं, काचेला आतून दमट धुकं धरतं आणि बल्बमागची आरशासारखी चकचकीत वाटी काळवंडते. दिवा पेटतो, पण रस्ता दिसत नाही. एवढी किमती गाडी, आणि रात्रीच्या प्रवासात तिला आंधळं करते ती ही एवढीशी पट्टी!

हाच प्रकार आपल्या घरात कुकरच्या रिंगचा होतो, मुलांच्या दप्तरातल्या रबरबँडचा होतो. आपण वैतागून म्हणतो, हल्लीच्या वस्तूंमध्ये दम नाही. पण खरं नवल वेगळंच आहे. ही पट्टी इतकी वर्षं टिकली कशी? कारण दोनशे वर्षांपूर्वीचं रबर एक उन्हाळासुद्धा काढत नसे. ते टिकाऊ करण्यासाठी एका माणसानं स्वतःचं आयुष्य, तब्येत आणि घर, सगळं पणाला लावलं. त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

त्याची गोष्ट आपण वर्गात बहुतेक एका वाक्यात उरकतो. रबर चुकून शेगडीवर पडलं आणि शोध लागला, बस्स. ते वाक्य खोटं नाही, पण फार अपुरं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन इथं झाला. वडील अमासा गुडइयर शेतीची अवजारं, बटणं अशा वस्तू बनवायचे. स्वतः नवीन काहीतरी जुळवत बसायची त्यांना सवय होती, ती मुलात उतरली. लहानपणी चार्ल्सला धर्मोपदेशक व्हायचं होतं. पण घरच्यांनी त्याला फिलाडेल्फियाला हार्डवेअरचा धंदा शिकायला पाठवलं. शिकून तो परत आला आणि वडिलांच्या धंद्यात भागीदार झाला. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी त्याचं लग्न झालं. पुढे त्यानं फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. सुरुवात चांगली झाली, पण उधारी फार वाढली आणि १८३० च्या सुमारास दुकान बुडालं. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. गुडइयरही गेला, आणि एकदाच नाही. पुढे आयुष्यभर तो अधूनमधून या तुरुंगाचा पाहुणा होत राहिला.

आता त्या काळातलं रबर कसं होतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं कळेल. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडाचा चीक सुकवून रबर मिळायचं. ते पाण्याला दाद देत नाही म्हणून १८३० नंतर अमेरिकेत रबराचं वेडच लागलं. बूट, टोप्या, कोट, गाड्यांवरची आच्छादनं, सगळं रबराचं. बोस्टनजवळच्या रॉक्सबरीत मोठा कारखाना निघाला. लोकांनी पैसे गुंतवले. आणि मग उन्हाळा आला. बूट वितळून चिकट गोळे झाले, त्यांना घाण वास सुटला. हिवाळ्यात जे उरले ते लाकडासारखे कडक होऊन तडकले. गिऱ्हाइकं माल परत आणून टाकू लागली.

१८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कला गेला असताना याच रॉक्सबरी कंपनीच्या दुकानात शिरला. तिथं हवा भरून पाण्यात तरंगायचं रबरी साधन होतं. त्याची झडप त्याला कच्ची वाटली. त्यानं आपल्या डोक्यानं चांगली झडप तयार केली आणि दाखवायला नेली. दुकानाच्या व्यवस्थापकानं झडप पाहिली, पण सांगितलं की आमचं दुखणं झडपेचं नाही, रबराचं आहे. आणि परत आलेला वितळका माल दाखवला. गुडइयरला रसायनशास्त्र येत नव्हतं. खिशात पैसे नव्हते. पण हा प्रश्न आपण सोडवायचा असं त्यानं तिथंच ठरवलं.

पहिले प्रयोग तर तुरुंगातच झाले. फिलाडेल्फियात कर्जापायी आत असताना त्यानं बायकोकडून कच्चं रबर आणि लाटणं मागवून घेतलं. दिवसदिवस तो रबर मळत, लाटत बसे. आपल्या आयाबाया कणीक मळतात तसं. त्याचा विचारही तसाच साधा होता. चिकट पीठ हाताला लागू नये म्हणून आपण कोरडं पीठ लावतो, तर रबरात एखादी कोरडी भुकटी मिसळली तर? त्यानं मॅग्नेशिया मिसळून पाहिला. रबर पांढरं, मऊ, छान झालं. सुटल्यावर घरच्या स्वयंपाकघरात त्यानं बायको-मुलींना हाताशी घेऊन या रबराच्या बुटांचे कितीतरी जोड बनवले. उन्हाळा आला आणि सगळे जोड लिबलिबीत झाले.

मग त्यानं घरातलं सामान विकलं, कुटुंबाला दुसरीकडे ठेवलं आणि न्यूयॉर्कला एकटा राहून प्रयोग सुरू केले. मॅग्नेशिया झाला, आता चुना. चुन्याच्या पाण्यात रबर उकळलं की चिकटपणा जायचा, त्याचं कौतुकही झालं. पण आंबट रसाचा एक थेंब पडला तरी रबर पुन्हा पहिल्यासारखं. आता ही साधी आम्ल-अल्कलीची गोष्ट आपण सहावी-सातवीत शिकवतो, त्याला ती अनुभवातून कळली. पुढे एकदा रबराच्या तुकड्यावरचा सोनेरी मुलामा काढायला त्यानं नायट्रिक आम्ल वापरलं. तुकडा काळा पडला म्हणून फेकून दिला. काही दिवसांनी त्याला आठवलं की तो तुकडा हाताला वेगळा लागला होता. त्यानं तो शोधून परत आणला. खरंच, वरचा चिकटपणा गेला होता! या पद्धतीचं त्यानं १८३७ मध्ये पेटंट घेतलं. मला विचाराल तर शेगडीच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मुलांना आधी सांगावी. फेकलेला तुकडा परत उचलणं सोपं नसतं.

याच पद्धतीवर त्याला सरकारी टपाल खात्याचं दीडशे पिशव्यांचं काम मिळालं. पिशव्या तयार झाल्या, टांगून ठेवल्या. गुडइयर काही दिवस बाहेर गेला. परत येऊन बघतो तर उकाड्यानं पिशव्या आपल्याच वजनानं लोंबून फाटलेल्या. आम्लाचा परिणाम फक्त वरच्या पापुद्र्यावर झाला होता, आत कच्चं रबर तसंच होतं. त्याआधीच १८३७ च्या मोठ्या आर्थिक मंदीत त्याचा भागीदार बुडाला होता. काही काळ गुडइयरचं कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहिलं. समुद्रात मासे धरून पोट भरत होते. लोक चेष्टा करत की रबरी कोट, रबरी बूट आणि रबरी टोपी घातलेला माणूस दिसला, आणि त्याच्या रबरी पाकिटात दमडी नसली, की समजावं हाच गुडइयर.

तिथून तो मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी गेला. तिथं नॅथॅनियल हेवर्ड नावाचा माणूस रबरावर गंधक टाकून ते उन्हात वाळवत असे. गुडइयरनं त्याची पद्धत विकत घेतली. म्हणजे गंधकाची कल्पना मुळात हेवर्डची, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण उन्हानंही फक्त वरचा थरच सुधारत होता.

आणि मग १८३९ चा हिवाळा. गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. नेमका कसा लागला याच्या गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, कुणी म्हणतं हातातून उडाला, कुणी म्हणतं ठेवला. महत्त्वाचं हे की तो वितळला नाही. चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टा होता तो ना चिकट, ना करपलेला. लवचीक. जमलेल्या लोकांना त्यात विशेष वाटलं नाही. हा रोजच काहीतरी दाखवतो अशी त्यांची समजूत. त्यानं तो तुकडा कडाक्याच्या थंडीत रात्रभर दाराबाहेर खिळ्यानं ठोकून ठेवला. सकाळी पाहिलं तर तेवढाच मऊ. उष्णता आणि थंडी, दोन्हींना रबर पहिल्यांदाच पुरून उरलं होतं.

गुडइयरनं पुढे आपल्या पुस्तकात या योगायोगाबद्दल लिहिलं आहे. त्याचं म्हणणं साधारण असं, की असा प्रसंग ज्याचं मन आधीच त्या प्रश्नात बुडालेलं आहे त्यालाच काही सांगून जातो. पाच वर्षं रबर मळलेला माणूस त्या शेगडीजवळ नसता तर कुणीतरी तो जळका तुकडा केरात टाकला असता.

बहुतेक पाठ इथं संपतात. पण सगळ्यात वाईट वर्षं याच्या पुढची आहेत. उष्णता हवी हे कळलं, पण किती? आणि किती वेळ? कमी झाली तर रबर कच्चं, जास्त झाली तर कोळसा. बायकोची भाकरी भाजून झाली की तो त्याच भट्टीत रबराचे तुकडे घाली. किटलीच्या तोटीला धरी, राखेत पुरी, वाळूत भाजी. कारखानदारांच्या हातापाया पडून त्यांच्या भट्ट्या वापरायला मागे. घरात खायला नव्हतं. एका बर्फाच्या वादळात आजारी अंगानं मैलोन्मैल चालत तो एका ओळखीच्या माणसाकडे मदत मागायला गेला. घरातलं जे विकण्यासारखं होतं ते विकलं, गहाण टाकलं. शेवटी मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली.

शिक्षक म्हणून मी इथं दर वेळी थांबतो. त्याच काळात त्याचा एक लहान मुलगा गेला, आणि त्याला नीट पोचवण्याइतकेही पैसे घरात नव्हते. गुडइयरची बरीच मुलं लहानपणीच वारली. तेव्हा बालमृत्यू सगळीकडेच खूप होते, हे खरं. पण उपासमारीत वाढलेल्या लेकरांबद्दल बापाची जबाबदारी काय, हा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा तो टाळू नये असं मला वाटतं. चिकाटीचा धडा म्हणून आपण ही गोष्ट सांगतो. क्लॅरिसाच्या बाजूनं सांगितली तर तीच गोष्ट वेगळी दिसते. शोध तिच्या लाटण्यावर आणि तिच्या चुलीवर लागला, आणि पेटंटवर तिचं नाव नाही. मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, सर, त्या मुलांना पुस्तकं परत मिळाली का? मी सांगितलं, ते कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही.

अखेर मेहुण्यानं, जो लोकरीच्या धंद्यात होता, पैशाचा आधार दिला. वाफेच्या दाबाखाली साधारण १३२ अंश सेल्सिअसला काही तास रबर भाजलं की ते हवं तसं होतं, हे पक्कं झालं. १५ जून १८४४ ला गुडइयरला अमेरिकेचं पेटंट क्रमांक ३६३३ मिळालं. त्यातलं प्रमाण एखाद्या पाककृतीसारखं आहे. २५ भाग रबर, ५ भाग गंधक, ७ भाग शिशाचा सफेदा.

गंधक नेमकं करतं काय? मुलांना मी शेवयांचं उदाहरण देतो. कच्च्या रबराचे रेणू म्हणजे ओल्या शेवयांचा ढीग. लांबच लांब धागे, एकमेकांत गुंतलेले पण बांधलेले नाहीत. गरम झाले की घसरतात, म्हणून रबर वितळतं. गार झाले की थिजतात, म्हणून तडकतं. उष्णतेत गंधक या धाग्यांना जागोजागी गाठी मारतं. आता ताणलं तर धागे लांबतात, पण सुटत नाहीत. सोडलं की जागेवर येतात. बुटाचा तळवा, कुकरची रिंग, हेडलाइटचं सील, सगळी या गाठींची कृपा.

पण गाठी मारल्या म्हणून धागे अमर होत नाहीत. हवेतला प्राणवायू आणि त्याहून जास्त ओझोन हे धागे तोडत राहतात. ऊन आणि उष्णता त्याला जोर देतात. धागे तुटत गेले तर रबर चिकट होतं, नको तितक्या नव्या गाठी पडल्या तर कडक होतं. हेडलाइटच्या सीलवर हे सगळे शत्रू एकदमच तुटून पडतात. समोरून ऊन, मागून बल्बची धग, शेजारी इंजिन, आणि कोपऱ्यावर पट्टी सतत ताणलेली. ओझोन ताणलेल्या जागीच आधी चिरा पाडतो. म्हणून बघा, सील नेहमी कोपऱ्यावर फाटतं. वर्गात प्रयोग करायचा तर एक रबरबँड ताणून दोन खिळ्यांना अडकवा आणि खिडकीत उन्हात ठेवा, दुसरं न ताणता बंद डबीत ठेवा. काही आठवड्यांनी भिंगातून दोन्ही बघायला द्या.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सील साबणाच्या कोमट पाण्यानंच पुसावं. पेट्रोल, रॉकेल, ग्रीस लावून ते चकचकीत करायचा मोह टाळा. पेट्रोलियमच्या तेलानं बरंचसं रबर फुगतं आणि लवकर सैल पडतं. सील अजून मऊ असेल तर कापडाच्या बोळ्यानं सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवायला हरकत नाही. पण चिरा पडल्या असतील तर मात्र नवीनच बसवावं. तुटलेले धागे कुठलंही तेल परत जोडत नाही. काही जण कडेनं सगळीकडे सीलंट भरून टाकतात. त्यात डब्याला हवा खेळायला ठेवलेलं बारीक भोक बुजलं तर आतला ओलावा आतच राहतो आणि वाटी आणखी लवकर काळी पडते. नवीन सील घेताना ईपीडीएम रबराचं मिळालं तर बघा. हे कृत्रिम रबर ऊन आणि ओझोनला जास्त दाद देत नाही.

पुन्हा गुडइयरकडे येऊ. पेटंट मिळालं, आता सुखाचे दिवस आले असतील असं वाटतं ना? नाही आले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक हा मुरलेला रबर कारखानदार होता. गुडइयरच्या रबराचे नमुने इंग्लंडला गेले होते, ते त्याच्या हाती आले. त्यावर गंधकाची पिवळट खूण दिसली आणि त्यानं स्वतः प्रयोग करून युक्ती शोधून काढली. गुडइयर इंग्लंडमध्ये अर्ज करायच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर १८४३ मध्ये, हॅनकॉकचा अर्ज दाखल झालेला होता. हॅनकॉकचा मित्र विल्यम ब्रॉकेडन यानं या क्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कनवरून व्हल्कनायझेशन हे नाव दिलं. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानावर टायर व्हल्कनायझिंग असं रंगवलेलं असतं ना, ते हेच. शोध गुडइयरचा, पण नाव हॅनकॉकच्या गोटातून आलेलं.

अमेरिकेतही लोक सर्रास त्याची पद्धत चोरून वापरत. १८५२ मध्ये ट्रेंटन इथं होरेस डे याच्याविरुद्ध मोठा खटला झाला. गुडइयरच्या बाजूनं डॅनियल वेबस्टर उभे राहिले, जे त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांची फी १५,००० डॉलर! खटला जिंकला. पण गुडइयरला पैसा टिकवता येतच नव्हता. परवाने तो अगदी स्वस्तात देई आणि आलेला पैसा पुन्हा रबरातच घाली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यानं भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं रबराचं असलेलं दालन उभारलं, त्याला ३०,००० डॉलर लागले. १८५३ मध्ये क्लॅरिसा गेली. ती चांगले दिवस बघून गेली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचं पुन्हा कौतुक झालं. पण तिथलं त्याचं पेटंट रद्द झालं, येणारे पैसे अडले, देणेकऱ्यांनी धरलं आणि त्याला क्लिशीच्या तुरुंगात टाकलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियननं दिलेलं लीजन ऑफ ऑनरचं पदक त्याच्या हाती पोचलं ते तुरुंगात.

शिसं आणि आम्लाच्या वाफांमध्ये वर्षानुवर्षं काम करून तब्येतीचं पार मातेरं झालं होतं. शेवटी शेवटी तो कुबड्यांवर चालायचा. १८६० मध्ये मुलगी मरणासन्न असल्याचं कळलं म्हणून तो तिला भेटायला निघाला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा ती आधीच गेल्याची बातमी मिळाली. तो तिथंच कोसळला आणि १ जुलै १८६० रोजी हॉटेलातच वारला. मागे सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

पालक हमखास विचारतात, मग ती टायरची मोठी कंपनी? ती १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात काढली. नाव गुडइयरच्या आठवणीसाठी दिलं. त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. कार्ल बेंझची मोटार रस्त्यावर आली ती गुडइयर गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी. त्यामुळे टायर काय नि हेडलाइट काय, त्यानं यातलं काहीच पाहिलं नाही.